ओटा बसवताना: मापापासून डागांपर्यंत

नवा ओटा करायचा ठरला की घरातली सगळी चर्चा रंगावर होते. काळा की पांढरा, चकचकीत की मॅट, दाणेदार की शिरांचा. खालची कपाटं एका पातळीत आहेत का, हे मात्र पट्टी लावून कुणी बघत नाही. वर्षा-दोन वर्षांनी तक्रारी सुरू होतात तेव्हा त्यात रंगाचं नाव नसतं. सिंकच्या कोपऱ्यातून तडा गेला, जोडात काळी रेघ उमटली, सिंकखालचं प्लाय फुगलं, अशा त्या तक्रारी असतात. यातल्या बहुतेक दुखण्यांचं मूळ दगड घरात येण्याआधीच्या कामात असतं. म्हणून या लेखात तयारीला जास्त जागा दिली आहे आणि रंग तुमच्यावर सोडला आहे.

पायरी 1: वस्तू ठरवा

ग्रॅनाइट घेतला तर सहसा पस्तावायची वेळ येत नाही. खनिजांचा कठीणपणा 1 ते 10 मध्ये सांगणाऱ्या मोह्स मापावर तो 6 ते 7 असतो, त्यामुळे सुरी थेट ओट्यावर चालवली तर ओट्याआधी सुरीची धार जाते. गरम भांड्यानेही त्याला सहसा काही होत नाही. पण त्यात सूक्ष्म रंध्रं असतात आणि फिकट रंगाचे काही ग्रॅनाइट तेल चांगलंच पितात. ‘काळा ग्रॅनाइट’ म्हणून विकले जाणारे बरेच दगड भूशास्त्राच्या भाषेत गॅब्रो किंवा डोलेराइट असतात. ओट्याला ते उत्तमच. सांभाळायचं ते रंग चढवलेल्या दगडापासून. नमुन्याच्या तुकड्यावर अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेला पांढरा कपडा घासा. कपडा काळा झाला तर तो काळेपणा दगडाचा नाही.

संगमरवर दिसतो देखणा, पण तो मुळात कॅल्शियम कार्बोनेट, कठीणपणा फक्त 3. लिंबाचा रस सांडला की तिथली चमक जाऊन पांढुरका ठिपका उरतो. हा डाग नव्हे. आम्लाने दगडाचा वरचा थर विरघळलेला असतो, आणि कुठलाही सीलर, म्हणजे दगडाच्या रंध्रांत मुरून डाग अडवणारं द्रावण, हे थांबवू शकत नाही. ज्यांना असा वापरलेला, थोडा निस्तेज झालेला दगड आवडतो त्यांनी खुशाल घ्यावा. ओटा कायम नव्यासारखा हवा असेल तर संगमरवराच्या वाटेला जाऊ नका. दुकानदार दगडाचं नाव काहीही सांगो, नमुना घरी आणा, त्यावर लिंबाचे चार थेंब टाकून पंधरा मिनिटं ठेवा आणि पुसून तिरक्या उजेडात बघा. ठिपका दिसला तर दगडात कॅल्साइट आहे.

क्वार्ट्झ नावाने जे मिळतं ते खाणीतून निघालेलं अखंड दगड नसतं. क्वार्ट्झची भुकटी आणि खडे, वजनाने साधारण 90 टक्के किंवा जास्त, आणि उरलेलं पॉलिएस्टरसारखं रेझिन, हे मिश्रण निर्वात अवस्थेत दाबून आणि कंपन देऊन त्याच्या स्लॅब बनवतात. रंध्रं जवळजवळ नसल्यामुळे याला सीलर लागत नाही, डागही सहसा वरच राहतात. याचं दुबळेपण उष्णतेत आहे. दगड टिकतो, पण रेझिन साधारण 150 अंश सेल्सिअसच्या पुढे दगा देऊ लागतं. आचेवरून उतरवलेलं जाड बुडाचं भांडं याहून कितीतरी तापलेलं असू शकतं. ते ठेवलं की पिवळसर गोल उमटतो, कधी तडाही जातो, आणि दोन्हींवर चांगला इलाज नाही. उन्हात, म्हणजे बाहेरच्या ओट्याला, क्वार्ट्झ वापरू नका. अतिनील किरणांनी रेझिनचा रंग बदलतो.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. सॉलिड सरफेस, म्हणजे अ‍ॅक्रिलिक आणि अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडची भुकटी यांचं मिश्रण, ड्यूपॉन्टने 1967 मध्ये शोधलं आणि कोरियन (Corian) या नावाने विकायला आणलं. जोड दिसत नाहीत आणि ओरखडे पॉलिश पेपरने घासून काढता येतात, पण गरम भांडं त्याला क्वार्ट्झपेक्षाही कमी सोसतं. 12 मिलिमीटरच्या पोर्सलिन स्लॅबना उष्णता बाधत नाही. मात्र कडा ठिसूळ आणि खालचा आधार सलग लागतो. स्टेनलेस स्टील घ्यायचं तर 304 ग्रेडचं घ्या, साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असलेलं. ओरखडे पडणारच, ते पहिल्या दिवशीच मान्य करून टाका. लाकडाला तेल पाजत राहावं लागतं. लॅमिनेट स्वस्त आणि वजनाला हलकं, आणि या सगळ्यांत घरच्या घरी स्वतः बसवायला सोपं.

पायरी 2: उंची आणि खोली

चप्पल घालून काम करत असाल तर चप्पल घालूनच उभे राहा, कोपर काटकोनात वाकवा आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचं माप घ्या. त्यातून 10 ते 15 सेंटिमीटर वजा केले की तुमच्या ओट्याची उंची मिळते. बहुतेक घरांत ती 85 ते 90 सेंटिमीटरच्या दरम्यान येते. घरात सगळ्यात जास्त वेळ जी व्यक्ती ओट्याशी उभी राहते तिचं माप धरा. सरासरी काढत बसलात तर ओटा कुणालाच सोयीचा होत नाही.

खोली 60 ते 65 सेंटिमीटर. पुढची कड कपाटाच्या दारापुढे 2.5 ते 4 सेंटिमीटर यायला हवी, म्हणजे ओघळणारं पाणी दारावर न येता खाली पडतं. आणखी एक बारीक गोष्ट कारागिराला आधीच सांगून ठेवा: कडेच्या खालच्या बाजूला, टोकापासून बोटभर आत, एक उथळ खाच मारून घ्या. पाणी कडेवरून वळून दगडाच्या पोटाला चिकटत आत सरकतं, ते या खाचेशी अडून टपकतं. पाच मिनिटांचं काम आहे, पण कपाटांची वरची कड यामुळे वर्षानुवर्षं कोरडी राहते.

बसून जेवायला वगैरे ओटा पुढे काढायचा असेल तर 20 मिलिमीटरच्या दगडाला आधाराशिवाय 15 सेंटिमीटर आणि 30 मिलिमीटरच्या दगडाला 25 सेंटिमीटर ही सर्वसाधारण मर्यादा. त्यापुढे लोखंडी ब्रॅकेट द्या. माणसं ओट्याला टेकतात आणि मुलं त्यावर चढून बसतात, हे हिशेबात धरायचं.

पायरी 3: पाया

इथे घाई करू नका. दगड वाकत नाही. खाली एका कपाटाची कड 4 मिलिमीटरने वर असेल तर सगळी स्लॅब त्या एका रेषेवर तोलली जाते, आणि पुढे कधीतरी कुणी जड काहीतरी आदळलं की बरोबर तिथेच तडा जातो. मग दोष दगडाला दिला जातो.

आधी सगळी कपाटं एकमेकांना आणि भिंतीला स्क्रूने पक्की करा. मग लांब, सरळ अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, किमान 2 मीटरची, कपाटांच्या कडांवर आडवी, उभी आणि तिरकी अशी ठेवत जा. पट्टीच्या मागे टॉर्च धरा. जिथून उजेडाची फट दिसते तिथे खड्डा आहे. 3 मीटर लांबीत 3 मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो. त्याहून जास्त असेल तर कपाटांचे पाय फिरवून किंवा खाली पाचर घालून पातळी सुधारा. पाणसळ नंतर लावा. पाणसळ ओटा आडवा आहे का एवढंच सांगते, सपाट आहे का ते पट्टी सांगते. दोन्ही लागतं.

ओटा सिंककडे थोडा उतरता करावा, म्हणजे पाणी आपोआप वाहून जाईल, असं काही जण सुचवतात. माझं मत विरुद्ध आहे. शेगडी तिरकी होते, तव्यातलं तेल एका बाजूला जातं आणि अंडरमाउंट, म्हणजे ओट्याच्या खालून लावलेल्या, सिंकचा सांधा नीट बसत नाही. पाणी पुसायला फडकं आहे. सिंकच्या शेजारी भांडी निथळायची जागा हवी असेल तर तेवढ्याच भागात दगडावर उतरत्या खाचा कोरून घ्या.

विटांचे किंवा दगडी खांब घालून ओटा करणार असाल तर सिमेंटचं काम पुरतं पिकू द्या. किमान सात दिवस पाणी मारा आणि त्यानंतर ते सुकायलाही वेळ द्या. ओल्या कामावर फिकट दगड ठेवला तर खालचा ओलावा वर येऊन दगड काळपट दिसतो. अशा पायावर स्लॅबखाली मसाला सलग पसरायचा, पाच-सहा ढेपा ठेवून भागवायचं नाही. बसवल्यावर नाण्याने ठोकत जा. भरीव जागी आवाज ठोस येतो, पोकळ जागी घुमल्यासारखा. पोकळ आवाज आला तर कारागीर तिथे असतानाच ते दुरुस्त करून घ्या.

डिशवॉशरच्या वर ओट्याला आधार नसतो हे लोक विसरतात. साठ सेंटिमीटरची ती दरी असते. मागे भिंतीला पट्टी ठोका आणि बाजूच्या कपाटांवर टेकणारी एक आडवी पट्टी पुढे द्या. लॅमिनेट किंवा लाकडाचा ओटा असेल तर डिशवॉशरच्या वर येणाऱ्या ओट्याच्या पोटाला अ‍ॅल्युमिनियम फॉइलची टेप लावा. दार उघडलं की वाफ थेट तिथेच लागते.

पायरी 4: फर्मा

माप फक्त कागदावर देऊ नका. घराच्या भिंती सरळ नसतात आणि कोपरे क्वचितच काटकोनात असतात. तपासायला सोपी युक्ती आहे. कोपऱ्यापासून एका भिंतीवर 90 सेंटिमीटरवर खूण करा, दुसरीवर 120 वर. दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर 150 आलं तर कोपरा काटकोनात. 151.5 आलं तर कोपरा उघडलेला आहे आणि काटकोनात कापलेली स्लॅब एका टोकाला भिंतीपासून सुटणार.

म्हणून फर्मा, म्हणजे ओट्याच्या नेमक्या आकाराचा नमुना, बनवतात. पातळ प्लायच्या किंवा जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या कपाटांवर ठेवून, भिंतीच्या प्रत्येक वळणाला जुळवून, गरम गोंदाने एकमेकींना चिकटवत जायचं. पूर्ण झाल्यावर तो सांगाडा एकसंध उचलता आला पाहिजे. हल्ली लेझरने माप घेऊन थेट मशिनला देणारे कारागीरही आहेत. पद्धत कुठलीही असो, नियम एकच: कपाटं कायमची बसल्याशिवाय फर्मा घ्यायचा नाही, आणि फर्मा घेतल्यावर कपाट मिलिमीटरभरही हलवायचं नाही.

फर्मा घेण्याच्या दिवशी सिंक, शेगडी किंवा हॉब (ओट्यात बसवायची शेगडी) आणि नळ प्रत्यक्ष घरात हवेत. फोटो, मॉडेल नंबर, ‘असाच आहे’ यावर काम भागवू नका. नळाचं छिद्र सहसा 35 मिलिमीटरचं असतं, पण मागे भिंतीशी नळाचा दांडा पूर्ण फिरतो का, हे नळ हातात धरूनच कळतं. फर्म्यावर या गोष्टी लिहून घ्या: कुठली कड पॉलिश हवी, कुठली भिंतीत जाणार, जोड कुठे, शिरा कुठल्या दिशेने. शिरांचा दगड असेल तर कापण्यापूर्वी कारखान्यात जाऊन फर्मा स्लॅबवर ठेवून बघा. आपल्याला आवडलेली नेमकी शीर सिंकच्या भोकात जाणार असेल, तर ते कापण्याआधी कळलेलं बरं.

पायरी 5: कापणी

दगड आणि क्वार्ट्झ घरी कापू नका, कारागिरालाही घरात कोरडं कापू देऊ नका. हे फक्त पसाऱ्यामुळे म्हणत नाही. कापताना उडणाऱ्या धुळीत स्फटिकरूप सिलिका असते. तिचे अतिसूक्ष्म कण फुप्फुसात खोल जाऊन बसतात आणि त्यातून सिलिकोसिस होतो, जो बरा होत नाही. क्वार्ट्झ स्लॅबमध्ये सिलिकाचं प्रमाण सर्वांत जास्त. कापणाऱ्या कामगारांना झालेल्या याच आजारामुळे ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून अशा कृत्रिम दगडाचं उत्पादन, पुरवठा आणि बसवणं यांवर बंदी घातली. कापणी कारखान्यात, पाण्याखाली व्हावी. जागेवर एखादं छिद्र वाढवावं लागलंच तर पाणी सोडत, धूळ ओढणारं व्हॅक्यूम लावून आणि योग्य श्वसन-मास्क घालून. तोंडाला बांधलेला रुमाल कामाचा नाही. तुम्ही तयार बसवलेला ओटा वापरता त्यात हा धोका नाही. धोका कापताना आणि घासताना असतो.

सिंक आणि हॉबच्या भोकांचे आतले कोपरे गोल असायलाच हवेत, निदान 8 ते 10 मिलिमीटर त्रिज्येचे. धारदार कोपऱ्यात ताण एकवटतो आणि तडा तिथूनच निघतो. भोकाच्या पुढे-मागे दगडाची जी अरुंद पट्टी उरते तो ओट्याचा सगळ्यात नाजूक भाग. तिच्या पोटाला खाच पाडून सळई बसवतात. ती फायबरग्लासची किंवा स्टेनलेस स्टीलची घ्या. साधी लोखंडी सळई पाणी लागून गंजते, गंजली की फुगते आणि जो दगड वाचवायला ती घातली त्यालाच फोडते.

पायरी 6: उचलणं आणि बसवणं

20 मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाइट चौरस मीटरला सुमारे 54 किलो भरतो. 60 सेंटिमीटर रुंद आणि 3 मीटर लांब तुकडा म्हणजे जवळपास शंभर किलो. जिना, दरवाजे, वळणं आधीच मोजून ठेवा. स्लॅब काचेसारखी उभीच न्यायची. भोकं पाडलेली स्लॅब आडवी उचलली तर ती अरुंद पट्टी स्वतःच्या वजनानेच मोडू शकते. जागेवरही ती उभी टेकवून, मग हळूच आडवी करतात.

आधी कोरडी बसवून बघा. भिंतीशी 3 मिलिमीटरची फट राहू द्या. ती सिलिकॉनने भरायची आहे. सगळं जुळल्यावर स्लॅब पुढून उचलून कपाटांच्या कडांवर 20 ते 30 सेंटिमीटर अंतराने सिलिकॉनचे ठिपके द्या आणि परत टेकवा. वजनानेच ती जागा धरते. कपाटांवर ताठ गोंदाने सलग चिकटवण्याच्या फंदात पडू नका. लाकडी कपाटं हवेतल्या ओलाव्याने हलतात, दगड हलत नाही, आणि पुढे कधी काढायची वेळ आली तर दोन्हींचा चुराडा होतो.

जोड सिंक किंवा हॉबच्या भोकाला लागून नको, डिशवॉशरच्या वरही नको. दोन तुकडे जवळ आणून, त्यांचा पृष्ठभाग एका पातळीत आहे का ते नखाने तपासा. नख जोडावरून आडवं ओढलं तर अडकता कामा नये. दोन्ही कडा अ‍ॅसिटोनने पुसा, बाजूंना मास्किंग टेप लावा आणि दगडाच्या रंगात रंगवलेलं इपॉक्सी (दोन भाग मिसळल्यावर कडक होणारा गोंद) भरा. रंग ठरवताना इपॉक्सी दगडापेक्षा किंचित गडद ठेवा, फिकट रेघ लगेच डोळ्यात भरते. व्हॅक्यूम कपाच्या शिकंज्यांनी दोन्ही तुकडे ओढून धरले की जोड दीड मिलिमीटरपेक्षा जास्त राहू नये. वर आलेलं इपॉक्सी रबरासारखं झालं असतानाच ब्लेड आडवं धरून कापून टाका. पूर्ण कडक होऊ दिलं तर घासत बसावं लागेल.

सिंक आता बहुतेक ठिकाणी खालून लावतात. पाण्याने भरलेलं सिंक आणि त्यातली भांडी यांचं वजन फक्त गोंदावर सोडू नका, खालून चौकट किंवा पट्ट्यांचा आधार द्या. दगड आणि सिंकमध्ये सलग सिलिकॉन, मध्ये कुठेही खंड नको.

आता सिलिकॉनबद्दल. दुकानात दोन प्रकार मिळतात. एका प्रकारची नळी उघडताच व्हिनेगरसारखा वास येतो. त्यातून सुकताना अ‍ॅसेटिक आम्ल सुटतं. संगमरवर, चुनखडीचा दगड, सिमेंट आणि काही धातू यांना ते बाधतं. तुम्हाला हवं ते ‘न्यूट्रल क्युअर’, बुरशीरोधक. नळीवर लिहिलेलं असतं, वाचून घ्या. ओटा आणि भिंतीवरच्या टाइल्स यांच्या सांध्यात ग्राउट (टाइल्सच्या फटींत भरायचा मसाला) किंवा पांढरं सिमेंट भरू नका. दोन वेगळ्या वस्तू तिथे भेटतात, थोड्या हलतात, आणि ताठ भरण काही महिन्यांत चिरतं. त्या चिरेतून पाणी कपाटाच्या पाठीत उतरतं, आणि तुम्हाला ते कपाट कुजल्यावरच कळतं. सिलिकॉन लावल्यावर 24 तास तिथे पाणी नको.

लॅमिनेट स्वतः बसवणाऱ्यांसाठी

कापायच्या रेषेवर टेप लावा, बारीक दातांचं पातं वापरा. हातकरवत असेल तर चांगली बाजू वर, जिगसॉ असेल तर चांगली बाजू खाली, कारण त्याचं पातं सहसा वरच्या दिशेने कापतं. कापलेली प्रत्येक कड, विशेषतः सिंकच्या भोकाची, व्हार्निशने किंवा सिलिकॉनने पूर्ण बंद करा. आतला भुसा-बोर्ड पाणी प्यायला की फुगतो आणि पुन्हा कधीच बसत नाही. स्क्रू खालून मारा आणि त्यांची लांबी दोनदा मोजा. लाकडी ओट्यालाही हीच रीत, फक्त स्क्रूची भोकं लांबट ठेवा. लाकूड ऋतूप्रमाणे रुंदीत कमी-जास्त होतं, त्याला हलायला जागा लागते. आणि तेल दोन्ही बाजूंना पाजा, नाहीतर फळी वाकते.

पायरी 7: पैसे चुकते करण्याआधी

दिवे घालवा आणि टॉर्च ओट्याला जवळजवळ टेकवून आडवा उजेड टाका. पॉलिशमधले ओरखडे, गोंदाचे डाग, उंचसखल जोड, सगळं दिसतं. तळहात सगळ्या कडांवरून, खालच्या बाजूनेसुद्धा, फिरवा. सिंक काठोकाठ भरून अर्धा तास ठेवा, मग खालून कोरडा कागद फिरवून ओल बघा आणि शेवटी सगळं पाणी एकदम सोडा. उरलेला एखादा तुकडा मागून घ्या. पुढे सीलर आणि डागांचे प्रयोग त्याच्यावर करता येतात.

रोजची निगा

कोमट पाणी, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब आणि मऊ कापड, मग स्वच्छ पाण्याचं फडकं, मग कोरडं. एवढं सगळ्या प्रकारच्या ओट्यांना पुरतं. शेवटचं कोरडं फडकं टाळलं जातं आणि जड पाण्यातले क्षार तिथेच साचत जातात, विशेषतः नळाच्या बुडाशी. जमलेला क्षार प्लास्टिकच्या खरवडणीने काढा. संगमरवरावर व्हिनेगर नको. ग्रॅनाइटवर एखाद्या वेळी चालून जातं, पण सवय लावू नका, सीलर उतरतो. गंज काढणाऱ्या काही द्रावणांत हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं, ते ग्रॅनाइटही खातं आणि माणसाच्या कातडीलाही भयंकर घातक आहे. ओट्याजवळ आणू नका. स्टीलवर ब्लीच नको, त्यातल्या क्लोराइडमुळे बारीक खड्डे पडतात; स्टीलला पुसायचंही त्याच्या रेघांच्या दिशेनेच. कशावरही ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा अमोनियाचं द्रावण मिसळू नका, विषारी वायू तयार होतात.

गरम भांड्याखाली काहीतरी ठेवायची सवय ग्रॅनाइट असला तरी लावून घ्या. एकाच जागी वारंवार एकदम तापणं आणि त्यावर थंड पाणी पडणं हे कुठल्याच जोडाला मानवत नाही.

सीलर कधी, कसा

दर सहा महिन्यांनी सीलर मारा असा सरसकट सल्ला मिळतो. गरज नसेल तर मारू नका. आधी दगडाला विचारा: कोरड्या ओट्यावर चमचाभर पाणी ठेवा आणि दहा-पंधरा मिनिटं बघा. थेंब तसाच फुगीर राहिला तर सीलर शाबूत आहे. खालचा दगड गडद झाला तर वेळ आली. सिंकजवळ आणि शेगडीजवळ वेगवेगळं तपासा, तिथला सीलर आधी जातो. घट्ट काळ्या दगडांना बऱ्याचदा सीलर लागतच नाही.

ओटा धुऊन रात्रभर सुकू द्या. सीलर कापडाने पातळ, सारखा पसरवा, डब्यावर सांगितलेला वेळ, साधारण पाच-दहा मिनिटं, मुरू द्या, आणि वर राहिलेला प्रत्येक थेंब कोरड्या कापडाने पुसून काढा. सीलरचं काम दगडाच्या आत असतं. वर सुकू दिला तर त्याचा चिकट, धुरकट पापुद्रा होतो. तसं झालंच तर त्यावर थोडा ताजा सीलर टाकून लगेच घासून पुसा, जुना थर मऊ होऊन निघतो. चोवीस तास पाणी लावू नका.

डाग पडलाच तर

आधी ओळखा. डाग दगडापेक्षा गडद असेल तर काहीतरी आत मुरलं आहे. फिकट आणि निस्तेज असेल तर आम्लाने खाल्लं आहे. ते घासून जाणार नाही, संगमरवराच्या पॉलिशिंग पावडरने किंवा कारागिराकडूनच निघेल.

मुरलेल्या तेलाला लेप लावायचा. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून लोण्याइतका घट्ट करा, डागापेक्षा मोठ्या जागेवर अर्धा सेंटिमीटर जाड थापा, वर प्लास्टिकचा कागद टाकून कडा टेपने बंद करा आणि कागदाला सुईने चार भोकं पाडा. एक-दोन दिवस ठेवा. लेप सुकताना तेल वर ओढून घेतो. पूर्ण सुकल्यावर प्लास्टिकच्या पट्टीने काढा, पुसा, आणि दगड सुकला की मगच निकाल बघा, कारण ओला दगड गडदच दिसतो. जुन्या डागाला हेच दोन-तीनदा करावं लागतं. कॉफीसारख्या डागाला पाण्याऐवजी 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड घ्या, पण गडद दगडावर नको. रंग फिका पडू शकतो. आधी उरलेल्या तुकड्यावर करून बघा. त्या जागी नंतर सीलर पुन्हा मारावा लागतो.

कडेचा टवका उडाला तर तुकडा शोधून जपून ठेवा. स्वच्छ करून इपॉक्सीने परत बसवला तर बहुधा दिसतही नाही. बारीक चिरेबद्दल घाबरण्याआधी नख फिरवा. नख अडकत नसेल तर ती दगडाची नैसर्गिक रेघ असण्याची शक्यता मोठी. नख अडकत असेल, आणि पेन्सिलने टोकाला खूण केल्यावर महिन्याभरात रेघ खुणेपुढे गेली, तर खालचा आधार हलला आहे. वरून इपॉक्सी भरण्याआधी कपाट उघडून आत पट्टी लावून बघा.

सिंकभोवतीचं सिलिकॉन काळं पडलं की त्यावर नवा थर देऊ नका, धरणार नाही. जुनं ब्लेडने पूर्ण काढा, उरलेली पातळ साय अ‍ॅसिटोनने किंवा स्पिरिटने पुसा (सॉलिड सरफेस, लॅमिनेट आणि लाकडावर अ‍ॅसिटोन नको), एक रात्र सुकू द्या. दोन्ही बाजूंना टेप लावून नवं भरा, साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने एकाच ओढीत दाबा आणि सिलिकॉन ओलं असतानाच टेप काढा.